वेगळ्या चुलीची पाच वर्षे

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



ज्या बाईंच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचे नाव माझ्या पाठीमागच्या फलकावर आहे. त्यांनी मला तिसरीत पाढे शिकवले आणि रविवारी शब्बाथशाळेत गीते शिकवली. दोन्हीकडे छडी एकच होती. त्यांच्या नावाने बोलायला मला बोलावलेत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. विषय निवडायला फार दिवस लागले नाहीत. ज्यांनी आपल्याला विश्वास दिला त्या माणसांची आठवण करायची, एवढेच ठरले होते. अडचण पुढे आली. आठवण करायची म्हणजे नेमके काय आठवायचे?

तुरुंगातून पौल तीमथ्याला पत्र लिहितो, तेव्हा तो त्याच्या विश्वासाचा उगम सांगतो. तुझा विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्या ठायी होता, मग तुझी आई युनीके हिच्या ठायी. लोईस हे नाव सबंध बायबलात तेवढ्या एकाच ठिकाणी आले आहे. ती कोणत्या साली विश्वासात आली, कोणी तिचा बाप्तिस्मा केला, यातले एक अक्षरही पौल लिहीत नाही. आजी, आई, नातू. त्याला एवढे पुरेसे वाटले.

आपण मात्र तारखा पाठ करतो. १० फेब्रुवारी १८९५, नारायण वामन टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा. २९ सप्टेंबर १८८३, पंडिता रमाबाईंचा इंग्लंडात वाँटेज येथे. १८५४, बाबा पदमनजींचा बेळगावला. शब्बाथशाळेच्या परीक्षेत या तारखा मला पडल्या होत्या आणि मी त्या बरोबर लिहिल्या होत्या. आज वाटते, तारीख लक्षात ठेवल्याने आपण त्या माणसांवर थोडा अन्यायच केला. एक दार, त्यातून एक पाऊल, आणि झाले. त्या पावलाच्या आधीची आणि नंतरची वर्षे आपण टाकून दिली. माझ्या मते आपला विश्वास त्या टाकून दिलेल्या वर्षांत घडला. आज त्यांच्याविषयीच बोलायचे आहे.

टिळकांची गोष्ट आपण सगळे जाणता. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळक वाचत वाचत डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. तो प्रवासी कोण होता हे टिळकांना पुढे कधीही कळले नाही. ज्या माणसाने मराठी ख्रिस्ती मंडळीला तिचा सर्वांत मोठा कवी दिला, त्याचे नाव त्या कवीलाही ठाऊक नव्हते. मला ही गोष्ट फार आवडते. पण ती सांगताना आपण १८९५ पाशी थांबतो आणि टाळ्या वाजवतो. त्याच वेळी टिळकांच्या घरातली दुसरी व्यक्ती, त्यांची पत्नी, जिवंतपणी मरण भोगत होती.

लक्ष्मीबाई म्हणजे जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका. अकराव्या वर्षी लग्न झालेली. माहेरी सोवळ्याचा असा कहर की बाहेरून आलेले धान्यसुद्धा धुऊन घ्यायचे. वडिलांचे ते वेड कुठून आले, हे त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त सांगितले आहे. सत्तावनच्या धामधुमीत घरातल्या एका जवळच्या माणसाला फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना जगातली प्रत्येक वस्तू विटाळलेली दिसू लागली. अशा घरातल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. आज आपल्याला 'बाप्तिस्मा' हा शब्द मंगल वाटतो. त्या दिवशी तो त्या घरात सुतकापेक्षा वाईट होता.

त्यानंतर पाच वर्षे गेली. १८९५ ते १९००. आरंभी नवरा एकीकडे, बायको एकीकडे, मध्ये पत्रे. मग त्या टिळकांकडे परतल्या, पण हिंदू म्हणूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. एका संसारात दोन स्वयंपाक. टिळक शीघ्रकोपी होते, हट्टी होते, घरातला पैसा वाटेल त्याला देऊन मोकळे होणारे होते. लक्ष्मीबाईंनी यातले काही लपवलेले नाही. पण या एका बाबतीत त्या तापट माणसाने संयम ठेवला. बायकोच्या अंतःकरणावर त्याने जबरदस्ती केली नाही. ती आपल्या देवाची पूजा करत राहिली आणि तो आपल्या देवाची प्रार्थना करत राहिला.

मग त्या वेगळ्या चुलीजवळ बसून लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला. देवाने माणूस निर्माण केला. जाती त्याने निर्माण केल्याचे कुठे दिसत नाही. मग हा विटाळ कोणाचा? पुढे जे घडले त्याचा क्रम लक्षात घ्या. त्यांनी जात आधी सोडली, बाप्तिस्मा नंतर घेतला. कोणाच्याही हातचे पाणी आधी प्यायल्या, मंडळीत नंतर आल्या. आपल्यापैकी किती घराण्यांत हा क्रम नेमका उलटा आहे, हे मी इथे मोठ्याने बोलणार आहे, कारण ज्या बाईंचे नाव फलकावर आहे त्याही हे बोलत असत. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या आणि सोयरीक जुळवताना अजून 'मूळचे कोण?' हा प्रश्न खालच्या आवाजात विचारला जातो. टिळकांची तसबीर भिंतीवर असते आणि लक्ष्मीबाईंनी वेगळ्या चुलीजवळ सोडवलेले गणित त्याच भिंतीखाली पुन्हा चुकवले जाते. मला याचे दुःख होते. लाजही वाटते.

शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. अक्षरओळख नवऱ्याने घरात करून दिली. टिळक १९१९ च्या ९ मे रोजी गेले, 'ख्रिस्तायन' अपुरे ठेवून. त्या काव्याचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. आणि 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा मराठी वाचकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, ते पुस्तक आपल्या घरचे म्हणून उचलले. ख्रिस्ती माणूस मराठी समाजाच्या वळचणीला नसून माजघरात आहे, हे कोणत्याही प्रवचनाने सिद्ध झाले नसते इतके त्या पुस्तकाने केले. त्यात कुठेही कोणाला उपदेश नाही. हसू आहे, रडू आहे, भांडण आहे.

आता रमाबाई. त्यांच्यावर बोलायचे तर एक व्याख्यान पुरणार नाही. मी दोनच ठिकाणी थांबतो.

पहिले ठिकाण इंग्लंड. वाँटेजच्या भगिनींकडे राहत असताना त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या एका आश्रमात नेण्यात आले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने सांभाळले जात होते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर आलेली, गावाने ओवाळून टाकलेली बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. ज्या मुलीचे आईवडील आणि बहीण दुष्काळात अन्नावाचून गेले, जी भावाबरोबर देशभर पायी हिंडली, झेलमच्या काठी थंडीत अंग झाकायला काही नव्हते म्हणून खड्डा खणून वाळू अंगावर ओढून जी झोपली, जी पुढे तान्ही मुलगी कडेवर असताना विधवा झाली, तिला त्या विहिरीचे पाणी कळायला भाष्यकाराची गरज नव्हती.

पण बाप्तिस्म्यानंतर त्यांनी मान तुकवली का? मुळीच नाही. वाँटेजच्याच भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो आपल्या प्रत्येक युवक संघात वाचला जावा असे माझे मत आहे. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी शंका विचारल्या. अधिकाऱ्याने सांगितले म्हणून मी मानणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी घातला. आहार शाकाहारीच ठेवला. इकडे पुण्यात त्या धर्मभ्रष्ट, तिकडे इंग्लंडात गर्विष्ठ. दोन्ही बाजूंचे बोल त्यांनी एकटीने खाल्ले. आणि १९०७ साली मागे वळून पाहताना त्यांनी स्वतःच कबूल केले की, बाप्तिस्मा झाला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षे गेली.

या आठ वर्षांत त्या प्रकाशाची वाट पाहत हात जोडून बसल्या नव्हत्या. अमेरिकेत गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला उपस्थित राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहून तिथे पैसे उभे केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. स्वतःचा विश्वास अजून पुरता स्थिर झालेला नाही, आणि हातून एवढे काम होत आहे! आज आपल्याकडे एखाद्या तरुणाने शंका विचारली की वडीलधारे घाबरतात, पाळकसाहेबांना निरोप जातो. मला वाटते, त्याला रमाबाईंची ती पत्रे द्यावीत आणि काहीतरी काम द्यावे.

दुसरे ठिकाण केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि मरणाच्या दारातल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी आणल्या. माळरानावर विहिरी खणल्या, खोल्या उभ्या केल्या, दीड-दोन हजार जिवांना रोज दोन वेळचे अन्न घातले.

इथे मला माझ्या घराविषयी बोलावे लागेल. माझी आजी नेवासे तालुक्यातली. ज्या नेवाशात ज्ञानदेवांनी भगवद्गीता मराठीत आणली, तिथून जवळच वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. १९०० च्या दुष्काळात आजीची आई, तेव्हा आठ-दहा वर्षांची, बैलगाडीतून मिशनच्या आवारात आली. तिच्याबरोबर निघालेला धाकटा भाऊ वाटेत गेला. आमच्या घराण्याचा बाप्तिस्मा हा असा आहे. त्यात ना आगगाडीतला संवाद, ना डोंगरावरील प्रवचन. त्यात एक वाटी कण्या आहेत.

शाळेत मला 'पोटासाठी बाटलेले' म्हटले गेले तेव्हा मी घरी येऊन रडलो होतो. आजी भाकरी थापत होती. तिने मला समोर बसवले, भाकरी दिली आणि विचारले, येशूने पाच हजारांना आधी जेवू घातले की आधी परीक्षा घेतली? मी त्या दिवसापासून या विषयाची लाज बाळगली नाही. भुकेल्याच्या हातात भाकर पडली आणि भाकर देणाऱ्याच्या देवावर त्याचा जीव बसला, यात खोटे काय आहे? विद्वानाने ग्रंथ वाचून स्वीकारलेला विश्वास खरा आणि पोराने कण्या खाऊन स्वीकारलेला खोटा, असे मानणारा माणूस कधी उपाशी राहिलेला नसतो.

त्या पोरांना पुढे कोणी वाढवले? मिशनरी होते, त्यांचे ऋण आहेच. १८२७ साली अमेरिकेहून आलेल्या मिस सिंथिया फरार यांनी आयुष्याची अनेक वर्षे इथे मुली शिकवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच देह ठेवला. सावित्रीबाई फुल्यांचे शिक्षिका म्हणून शिक्षण त्यांच्या हाताखाली झाले. पण रोजच्या रोज, वस्तीवस्तीत, उन्हातान्हात, हातात पिशवी आणि पिशवीत शुभवर्तमान घेऊन जाणारी होती ती बायबल-बाई. बाळंतिणीजवळ ती बसायची, प्लेगात ती पाणी पाजायची, अक्षरे ती गिरवून घ्यायची. तिचा पगार तुटपुंजा होता आणि मिशनच्या अहवालात पुष्कळदा तिचे नावही नसायचे. लोईसच्या वंशातल्या म्हणायच्या तर या बायका.

माझ्या आजीला वाचता येत नव्हते. तिला बायबलातले जेवढे येत होते तेवढे सगळे गाण्यातून आले होते. ती पहाटे दळायला बसायची आणि जात्याबरोबर टिळकांची गीते म्हणायची. इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीतेही तिला येत, पण ती चर्चमध्येच म्हणायची. मी एकदा विचारले, हे गाणे घरी का म्हणत नाहीस? ती म्हणाली, ते जात्यावर बसत नाही रे.

या एका वाक्यात टिळकांच्या कामाची जेवढी पारख आहे तेवढी मी कोणत्या प्रबंधात वाचलेली नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक मानत. त्यांनी अभंग आणि ओवी मंडळीला परत दिली, शेकडो गीते लिहिली, भजन आणि कीर्तन उपासनेत आणले. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी नगर भागात तोच रस्ता धरला होता. आणि या सर्वांच्या कितीतरी आधी, १५७९ साली गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीट पाद्रीने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. परदेशातून आलेल्या माणसाला जे कळले ते आपल्याच काही मंडळ्यांना अजून कळत नाही. तिथे आज ढोलकी आणि टाळ माळ्यावर धूळ खात पडले आहेत.

रमाबाईंनाही भाषेचाच ध्यास लागला होता. प्रचलित मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालेले, आणि त्या शब्दांमागे निराळीच तत्त्वज्ञाने उभी आहेत, असे त्यांना वाटे. केडगावच्या त्यांच्या 'मुक्ती' आश्रमातल्या मुलीला ते कसे कळणार? जिच्या संस्कृतवर कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली होती, तीच बाई संस्कृत शब्द वेचून बाजूला काढायला बसली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षे या कामात गेली. खिळे जुळवणे, छपाई, सारे मुक्तीतल्या बायकामुलींनी केले. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आईने मुद्रिते तपासणे थांबवले नाही. मुक्तीत असे सांगतात की, शेवटची मुद्रिते पुरी होण्यासाठी त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले आणि दहाव्या दिवशी काम पुरे झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्या गेल्या.

ते भाषांतर आज फारसे कोणी वाचत नाही. काही ठिकाणी ते इतके शब्दशः आहे की अडखळायला होते. पण मी ते अधूनमधून उघडतो, कारण त्यातला प्रत्येक शब्द एका विशिष्ट वाचकासाठी निवडलेला आहे, आणि तो वाचक म्हणजे दुष्काळातून आलेली, नुकतीच अक्षरे शिकलेली मुलगी. म्हणजे माझी पणजी. ती केडगावला नव्हती, वडाळ्याला होती. पण मुलगी तीच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तेव्हा मला प्रथम आठवले ते केडगावचे ते खिळे.

बाबा पदमनजींविषयी बोलायचे राहिले. १८५७ साली त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते, आणि तिचा विषय विधवांचे दुःख हा आहे. एक नवख्रिस्ती तरुण लेखणी उचलतो आणि विधवेसाठी लिहितो, एवढे नोंदवून पुढे जातो.

आता शेवटचे, आणि हे माझे एक मागणे आहे. आपल्याकडे ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उपासना होते. लहानपणी मी आजीचा हात धरून अंधारात तिथे जात असे. लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावत. आजी आजोबांच्या कबरीजवळ थोडा वेळ थांबायची आणि मग कुंपणाकडच्या मातीच्या ढिगाऱ्यांकडे जायची. तिथे ना दगड, ना क्रूस. एका ढिगाऱ्यापाशी थांबून म्हणायची, ही वाचायला शिकवणारी. दुसऱ्यापाशी, ही माझ्या आईला पहिल्यांदा न्हाऊ घालणारी. तिसऱ्यापाशी, हिचे नाव विसरले, पण आवाज आठवतो. मी तेव्हा कंटाळलेला असे, मला नंतर मिळणाऱ्या चहा-पावाची घाई असे. एकही नाव मी लिहून घेतले नाही. गेल्या ईस्टरला गेलो तर कुंपण नवे झाले आहे आणि ते ढिगारे सपाट आहेत.

आपल्या मंडळीत नव्वदी ओलांडलेल्या दोन बाया अजून आहेत. एकीला दिसत नाही, पण गाणी सगळी पाठ आहेत. दुसरीला कालचे आठवत नाही, पण तिच्या आजीचे आठवते. मी त्यांच्या घरच्यांशी बोललो आहे. येत्या रविवारी उपासना संपल्यावर मी वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी चर्चच्या पायरीपाशी थांबावे. तरुणांनी जरूर यावे. मला अलीकडे ऐकू कमी येते, आणि त्यातली एक बाई फार हळू बोलते.